आक्काचं मला लगेच सांगायला हवं होतंस

बाळा,

काल फोनवर बोलताच आलं नाही मला म्हणून आता सावकाश टाइप करतेय. आक्का गेली त्याला आठ दिवस झाले आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून मला सांगितलं की तिचा फोन बिघडलाय. आईच्या हार्टला झेपणार नाही म्हणे. अरे सख्खी बहीण माझी, शेवटचं तोंड तरी बघितलं असतं.

अटॅकला सात महिने झाले. त्या रात्री जबडा आणि पाठ दुखत होती, छातीत तेवढं नव्हतं म्हणून मी पित्त समजून जिरं चावत बसले. नशीब, स्टेंट वेळेत बसला. पण घरी आल्यावरचे पहिले दोन महिने मी कसे काढले ते तुला कधी बोलले नाही. डाव्या कुशीवर वळलं की कानात धडधड ऐकू यायची मग उठून बसायचे आणि अंधारातच मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत राहायचे, तुझ्या बाबांची झोप मोडू नये म्हणून लाइट पण लावायचे नाही. उशीखाली सॉर्बिट्रेटची स्ट्रिप, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी ती. बाथरूमची कडी लावायची सुद्धा भीती वाटायची. शेवटी डॉक्टरांपुढे रडले तेव्हा ते म्हणाले, काकू, अटॅकनंतर खूप जणांना असं होतं, लपवत जाऊ नका, त्यावरही इलाज आहे. तेवढं ऐकूनच निम्मं ओझं उतरलं बघ.

मग चालायला लागले. आधी हॉलमध्येच पाच मिनिटं, मग गल्लीच्या टोकापर्यंत, आता ‘चार भिंती’च्या टेकडीच्या चढावर अर्ध्यापर्यंत जाते, बोलता येईल इतक्याच वेगानं, दम लागला की बसते. वरून सातारा दिसतो, बरं वाटतं. लोणचं-पापड सुटलं त्याचं काही नाही. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांनी हातावर निळे डाग पडतात ते डॉक्टरांना दाखवलेत, दातवाल्यानं त्या बंद करा म्हटलं तरी हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पण बंद केली नाही मी. एवढं सगळं माझं मी बघते तर माझ्या माणसाचं मरण मला सांगायला काय झालं होतं? झाकून ठेवलंत त्याचा त्रास जास्त झाला मला, आता तू नुसता कशी आहेस विचारलंस तरी वाटतं अजून काय लपवतोय.

तेराव्याला मी कराडला जाणार आहे. गोळ्यांचा डबा भरून ठेवलाय, बाबांना तू समजाव आणि आदल्या रात्रीच गाडी घेऊन ये.

तुझी आई