काटा परत लावा

छत्रपती संभाजीनगर,
६ जानेवारी

ति. आई-बाबांना सा. न.

बाबा, हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवा. एकही ओळ गाळू नका.

आज दर्पण दिन. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' हे मराठी वृत्तपत्र सुरू केलं. त्यानिमित्त इथल्या एका कॉलेजात पोरींशी बोलायला गेले होते. एकीनं विचारलं, "ताई, अनोळखी माणसाशी बोलायची भीती कशी गेली?" मी आईचं नाव सांगितलं.

आई, २०१६चा उन्हाळा आठव. मी लातूरला हॉस्टेलवर होते. हजेरी देतानाही माझा आवाज निघायचा नाही. भित्तिपत्रकासाठी पाण्यावर लिहायला सांगितलं, तर मी खोलीत बसून 'पाणी हेच जीवन' लिहून नेलं. सरांनी वाचून विचारलं, "यात घागर कुणाची आहे? किती वाजता भरली?"

१२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, साधारण ५ लाख लिटर घेऊन. सगळे स्टेशनकडे पळाले. मी मागच्या गल्लीत टँकरच्या रांगेपाशी जाऊन उभी राहिले. अर्धा तास तोंडच उघडेना.

तेव्हा मला मोंढा आठवला. मी सातवीत होते. आपली तूर काट्यावर होती आणि तू आडत्याला म्हणालीस, "काटा परत लावा." बाबा म्हणाले, "गप बस, चारचौघांत काय बोलायलीस?" मलाही तुझी लाज वाटली होती गं. पण तू जागची हलली नाहीस. काटा परत लागला आणि एका पोत्यात पावणेदोन किलो जास्त भरले.

मग रांगेतल्या बाईला मी तुझ्याच आवाजात विचारलं, "मावशी, कवापासून थांबलाव?" ती बोलतच राहिली. घरात सात माणसं, चार घागरी, एक टिपाड, पहाटे चारपासून नंबर. कागद संपला तेव्हा मी तळहातावर लिहिलं.

ते भित्तिपत्रक बघायला बाबा एसटीनं आले होते. टोपी काढून, एकेका ओळीवर बोट फिरवत वाचलं. मग एवढंच म्हणाले, "हे तिला विचारूनच लिहिलंस ना?" बाबा, बातमी पाठवण्याआधी मी आजही तुमचा हा प्रश्न स्वतःला विचारते.

संक्रांतीला येते. तोवर तूर विकू नका. मोंढ्यात तिघंही जाऊ. काट्यापाशी आई उभी राहील.

तुमची,
लेक