इनारीच्या त्या आजी-आजोबांचे आभार

डिसेंबरअखेरीस आई, माझा मुलगा आणि मी फिनलंडमध्ये, इनारीजवळच्या जंगलात एका लाकडी केबिनमध्ये राहिलो होतो. त्या दिवसांत तिथे सूर्य उगवतच नाही. बाहेर उणे 30 अंश, आणि संध्याकाळी वीज गेली. चूल पेटवली तर सगळा धूर आतच. आईला दमा. मी पार घाबरले होते.

मालक दूर होते, पण त्यांनी शेजाऱ्यांना कळवलं. कित्येक किलोमीटरवरून एक वयस्क जोडपं स्नोमोबाइलवर आलं. आजोबांनी आधी दार-खिडक्या उघडल्या. धुराड्यात गार, जड हवा साचली होती, म्हणून धूर वर जात नव्हता. त्यांनी धुराड्याच्या तळाची सफाईची छोटी झडप उघडून तिथे वर्तमानपत्राचे बोळे जाळले. धुराडं तापलं, हवा वर ओढू लागली. मग बर्च झाडाच्या सालीवर चूल लगेच धरली. निखारे पूर्ण विझेपर्यंत धुराड्याची वरची झडप लावायची नाही, नाहीतर विषारी वायू घरात साठतो, हे त्यांनी खुणांनी पुन्हापुन्हा बजावलं.

आणि आजी! त्यांनी स्वतःच्या पायातले लोकरीचे मोजे काढून आईच्या पायात घातले. आई नको नको म्हणत होती, त्यांनी ऐकलंच नाही. भाषा एकमेकींची कळत नव्हती, तरी वीज येईपर्यंत त्या आईचा हात धरून बसल्या.

पैसे घेतले नाहीत, नावंही विचारायची राहिली. आजी, आजोबा, तुमचे खूप खूप आभार. आई ठणठणीत आहे.