चार रात्रींसाठी आंबोली

आंबोली,
२० जून

प्रिय अविनाश,

पत्र मिळालं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चार रात्री, उत्तम. पण सोबत पाठवलेल्या यादीतून गवा आणि बिबट्या आधी खोड. ते दिसले तर दिसतील, त्यांच्यासाठी रात्र घालवू नकोस. पावसाळ्यातली आंबोली बोटभर-वितभर जिवांची. ते दिसायला पाय आवरावे लागतात. दोन तासांत दोनशे मीटर, याहून जास्त चाललास तर समज की जंगल नुसतं ओलांडलंस.

तंबूबद्दल विचारलंयस. राखीव जंगलात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, म्हणून कुणाच्या तरी परसात विचारून ठोकायचा. इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही आडवा. वर ताडपत्री हवीच, आणि तिची नैर्ऋत्येकडची कड खाली ओढून बांध. तंबूखाली अंथरायचं प्लास्टिक तळापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं लहान ठेव. ते बाहेर डोकावलं की पाणी गोळा करून थेट तुझ्या पाठीखाली आणतं. सकाळी आत ओल दिसली तर तंबू गळतोय असं धरू नकोस, बहुतेक वेळा ती आपल्याच श्वासाची वाफ असते. दोन्ही झडपा थोड्या उघड्या राहू देत. व्हाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठी नको, आणि जागा ठरवण्याआधी वर बघ, वाळकी फांदी लटकत असेल तर सरक.

रात्री सातनंतर निघ, इथलाच वाटाड्या बरोबर घेऊन. बॅटरी कपाळावरची किंवा डोळ्याशेजारी धरलेली हवी. कमरेपाशी धरलीस तर डोळ्यांची चमक तुझ्याकडे परत येत नाही. गवतात निळसर-पांढरे ठिपके लुकलुकले तर ते कोळी. झाडावर दोन नारिंगी निखारे शेजारी-शेजारी दिसले तर लाजवंती (माकडांच्या नात्यातला छोटा निशाचर प्राणी, स्लेंडर लोरिस) असू शकते. प्रकाश लगेच बाजूला घे, तिचे डोळे अंधारासाठी बनलेत. सापाचे डोळे मात्र असे चमकत नाहीत. तो आकारावरूनच शोधावा लागतो.

मलबारी चापडा, तो झाडावरचा विषारी साप, बघायचाय ना? व्हाळाकडेच्या झुडपांत, गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीवर नजर फिरव. हिरवाच शोधत बसू नकोस. तपकिरी, पिवळा, नारिंगीही असतो, आणि शेवाळलेल्या फांदीवर तपकिरी जास्त चकवतो. मान इंग्रजी एससारखी मुडपून बेडकाची वाट बघत तासन्‌तास हलत नाही. म्हणून चढताना आधारासाठी फांदी धरायची नाही, हा एकच नियम मी हट्टाने सांगेन. आपल्याकडचं सर्पदंशाचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं, चापड्याच्या नाही. चावलाच तर आवळून बांधू नकोस, चिरू नकोस. हात स्थिर ठेव, अंगठी काढ आणि थेट सावंतवाडीचं रुग्णालय गाठ.

बेडकांना कान लाव. झुडपी बेडूक नखाएवढा, पण आवाज भलताच मोठा. जवळ गेलं की गप्प. मग बॅटरी विझवून पाच मिनिटं उभं राहायचं. दोघं असाल तर दोन जागांवरून आवाजाच्या दिशेला बोट दाखवा. रेषा जिथे छेदतील तिथली पानं खालून तपासा. डबक्यावर लोंबणारा पांढरा फेस दिसला तर ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. बाहेरून फेस सुकून पापुद्रा धरतो, आत अंडी ओलीच राहतात, आणि पिल्लं खालच्या पाण्यात टपकतात. बोट लावून बघायचा मोह आवर. हाताला मच्छरांचं मलम असेल तर नक्कीच.

सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, पाऊल जपून टाक. आंबोलीचा तो पिवळ्या पट्ट्यांचा भेक, २००९मध्ये नव्याने नोंदवलेला आणि आता अतिसंकटग्रस्त, याच कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. गाड्या वर चढवणाऱ्यांना हे सांगून थकायला होतं. दुसऱ्या जंगलातून येत असशील तर बुटांचा चिखल घरीच घासून, बूट पूर्ण वाळवून आण. बेडकांना रोग लावणारी बुरशी अशीच एका रानातून दुसऱ्या रानात जाते.

जळवा लागणारच. मिठाने वा पेटत्या काडीने पळवू नकोस, जळू पोटातलं चावलेल्या जागी ओकते. नख कातडीला टेकवून आधी तोंडाकडचं बारीक टोक सरकव, मग मागचं. रक्त बराच वेळ वाहतं कारण ती ते गोठू देत नाही. दाबून धर, घाबरू नकोस.

कॅमेरा गाडीच्या एसीतून थेट बाहेर काढलास की काच धुकटणार. अर्धा तास पिशवीतच बंद राहू दे, आत सिलिका जेलच्या पुड्या टाक. आणि रेनकोट आणलास तरी छत्री विसरू नकोस. साधी, लांब दांड्याची. फोटो काढताना ती दुसऱ्याने धरायची असते, तेवढ्यापुरता मी आहेच.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सदा