योजना जाहीर करण्याआधी घराघराचा हिशोब मांडा

मा. संपादक,
स. न.

अर्थसंकल्प आला की कोणती योजना किती कोटींची यावर भरपूर चर्चा होते. त्यातले किती रुपये कोणत्या घरात पोहोचतील आणि कोण दारातच अडेल, हे मात्र वाटप सुरू झाल्यावरच कळते.

आमच्या भागातल्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या एका विधवा ताईंना मी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून देत होतो. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल, तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे, म्हणजे महिना १,७५०. पुण्यात एवढ्यात खोलीचे भाडेसुद्धा भागत नाही. लाडकी बहीण योजनेची मर्यादा मात्र अडीच लाख. एका घरातली एक विवाहित आणि एक अविवाहित अशा दोघींना मिळून महिना तीन हजार मिळू शकतात. निराधारचे दीड हजार घेणारीला लाडकी बहीण नाही. एकटीने संसार ओढणाऱ्या बाईच्या हाती दोन्हीपैकी कोणतीही योजना घेतली तरी दीड हजारच. हे कोणी ठरवून केले असेल असे मला वाटत नाही. दोन योजनांचे नियम एकत्र ठेवून पाहिलेच गेले नाहीत.

ते पाहण्याचे साधन आहे. कर आणि अनुदानांचे सगळे नियम संगणकात भरायचे, पाहणीतल्या एकेका कुटुंबाला लावायचे आणि नियम बदलल्यावर कोणाच्या हाती किती उरते ते मोजायचे. गाय ऑर्कट या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९५७ मध्ये ही कल्पना मांडली. युरोपीय संघाकडे 'युरोमॉड' नावाचे असे मॉडेल आहे. घाना, टांझानिया, झांबिया या देशांसाठीही अशी मॉडेल तयार झाली आहेत, तेव्हा खर्चाची सबब चालणार नाही. वर्षाचे उत्पन्न दोन हजारांनी वाढून अडीच लाखांच्या वर गेले की लाडकी बहीणचे वर्षाचे १८ हजार बुडतात, हे असे मॉडेल आधीच दाखवते.

आपल्याकडे माहितीही आहे. २०२२-२३ च्या राष्ट्रीय कौटुंबिक खर्च पाहणीत अडीच लाखांहून अधिक कुटुंबे आहेत आणि घरनिहाय आकडे अभ्यासकांना मिळतात. त्यात खर्च असतो, उत्पन्न अंदाजाने बसवावे लागेल. आधार-बँक जोडणीत कोणाचा हप्ता अडकला, हेही मॉडेलला कळणार नाही. त्यासाठी सेतू केंद्रातच जावे लागेल. पण दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशोब मांडला, तेव्हा त्यांच्याकडे आजच्यासारखे संगणक नव्हते. ते दोघे ज्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत होते, ती याच शहरात आहे. तिच्यासारख्या संस्थांना राज्य सरकारने हे काम द्यावे आणि मॉडेल सर्वांसाठी खुले ठेवावे, म्हणजे विरोधकांना आणि पत्रकारांनाही आकडे तपासता येतील.

सुरुवात निराधारच्या मर्यादेपासून करा. २१ हजारांऐवजी ५० हजार केले तर किती घरे आत येतात, विधवांना पाचशे रुपये जास्त दिले तर तिजोरीतून किती जातात, हे पुढच्या अर्थसंकल्पाआधी छापून लोकांसमोर ठेवा.

— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे