ढगळ पँटीतल्या पोरांना जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली २२ वर्षं मी नाशिकरोडला शिवणकाम करते. काही वर्षांपूर्वी पोरं पँट आणायची ती घट्ट करून घ्यायला. आता उलट झालंय. वडिलांच्या जुन्या पँटी घेऊन येतात, कमरेत तेवढी बारीक करून द्या म्हणतात, पण मांडीला आणि मोहरीला हात लावू देत नाहीत. "काकू, आसन खालीच राहू द्या, नाहीतर बसताना उसवतं." आधी मलाही ही थेरंच वाटायची. मग एका संध्याकाळी घराजवळच्या उद्यानात त्यांना ब्रेकडान्स, म्हणजे त्यांच्या भाषेत ब्रेकिंग, करताना पाहिलं. हात जमिनीला टेकून पाय गरागरा फिरवायचे, मध्येच एका कोपरावर सगळं अंग तोलून थांबायचं. तंग पँटीत हे होणारच नाही. फरशी खरखरीत, म्हणून कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स उलटा अंथरला होता आणि त्याची टोकं पाण्याच्या बाटल्यांनी दाबली होती.

गेल्या महिन्यात याच पोरांना तिथून हुसकावून लावलं. ‘असल्या अवतारातली पोरं नकोत’ अशी कुणीतरी तक्रार केली होती म्हणे. वेळ संध्याकाळी साडेसातची. स्पीकर इवलासा, फाटकापाशीसुद्धा नीट ऐकू येत नव्हता. तरी तो काढून घेतला आणि फ्लेक्स चुरगळून कचऱ्यात टाकला. त्यातला एक जण अंबडच्या कारखान्यात पहिली पाळी करून येतो. "काकू, आम्ही कुणाचं काय वाईट केलं?" त्यानं मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

लोकांना भीती वाटते, ती खोटी नाही. हातात कोयता घेऊन भाईगिरीचे रील टाकणारी पोरं आपल्या शहरात आहेत आणि त्यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण रंगवलेले केस आणि कानातली बाळी बघून यांनाही त्याच मापानं मोजू नका. यांच्यातही सामना होतो, त्याला ते बॅटल म्हणतात. समोरच्याला हात लावायचा नाही. आपली पाळी आली की नाचूनच उत्तर द्यायचं. दुसऱ्याची स्टेप उचलली तर ‘बाइट मारली’ म्हणून सगळ्यांसमोर मान खाली जाते. शेवटी दोघं गळाभेट घेतात. नव्यानं आलेल्या पोराला मोठी पोरं फुकट शिकवतात, हेही मी रोज बघितलंय.

हे सगळं आलं कुठून, म्हणून भाच्याला विचारलं. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल या मुलीनं राहत्या इमारतीतल्या हॉलमध्ये पार्टी ठेवली होती. कशासाठी, तर शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांचे पैसे जमवायला! गाणी लावायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून लावून गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा तो लांबवायचा. तो तुकडा म्हणजे ब्रेक, आणि त्यावर नाचणारी ती ब्रेकिंगवाली पोरं. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच नाचाची स्पर्धा झाली. पण कपड्यांच्या पैशांसाठी ठेवलेल्या त्या पार्टीची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. दर जूनमध्ये गणवेशाचं कापड उधारीवर शिवायला देणाऱ्या आया माझ्या दुकानात येतातच.

यांच्यातली दोघं रॅप करतात. त्यातल्या शिव्या मला आवडत नाहीत आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगते. पण बापाची कंपनी बंद पडल्यावर घरात काय झालं, खोली भाड्यानं मागताना आडनाव कसं विचारलं गेलं, हे एकानं यमकं जुळवून म्हटलं तेव्हा माझं मशीन थांबलं. मला वामनदादा कर्डक आठवले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस गिरणीत राबला आणि साध्या माणसाच्या बोलीत गाणी रचून गावोगाव गात फिरला. नाशिक ढोलाचाही आपल्याला केवढा अभिमान! तालावर आपलं दुखणं सांगणं या मातीला नवं नाही. या पोरांकडे फक्त ढोलकीच्या जागी मोबाइलवरची बीट आहे.

महापालिकेला माझी विनंती आहे. नाशिकरोड, सिडको, सातपूर, पंचवटी अशा प्रत्येक विभागात एखादं सभागृह किंवा समाजमंदिर आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी सहा ते नऊ या पोरांना द्या. गुळगुळीत फरशी, दिवा आणि स्पीकर लावायला एक प्लग, एवढंच त्यांना लागतं. आवाजाची मर्यादा लेखी घालून द्या, नावं नोंदवून घ्या, ती पाळतील. आणि ज्यांना अजून शंका आहे त्यांनी एकदा तिथं येऊन पूर्ण बॅटल बघावी.

परवा दोन मुली दुकानात आल्या होत्या, अकरावीतल्या. त्यांनाही शिकायचंय. पँटींच्या गुडघ्याला आतून जाड अस्तर लावून घेतलं. घरून परवानगी मिळाली आहे, पण उद्यानात नको, कुठंतरी चार भिंतींच्या आत असेल तरच, असं त्यांच्या आयांचं म्हणणं आहे. पँटी शिवून तयार आहेत, जागेचं काही ठरेपर्यंत माझ्याकडेच ठेवल्या आहेत.

— एक शिवणकाम करणारी वाचक, नाशिकरोड