मदतीचा ट्रक उतरवायचा कुठं, हे पाणी चढायच्या आधी ठरवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

जून जवळ आला की तुमच्या पेपरात धरणसाठा, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पातळी, बोटी किती तयार अशा बातम्या येतात, वाचून बरं वाटतं. पण पूर आल्यावर बाहेरून जी मदत येते ती कुठं उतरवायची, मोजायची कोणी आणि कुठल्या गावाला धाडायची, यावर कधी ओळ दिसत नाही म्हणून हे पत्र.

मी मिरजेत एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर हिशेबाला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं, शिरोलीला हायवे बुडाला, कोल्हापुरात पेट्रोल मिळेना, ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली ते आठवलं की अजून पोटात कालवतं. तेव्हा गरज बोटींची नि लाइफ जॅकेटची होती. मग पाणी उतरायला लागलं, रस्ते मोकळे झाले आणि चारी बाजूंनी गाड्या सुरू झाल्या. लोकांनी स्वतःच्या घासातला घास काढून दिला, त्याबद्दल वाकडा शब्द नाही. पण एका हॉलवर मी माल उतरवायला गेलो होतो, एका रात्रीत ११ गाड्या आल्या आणि एकाही गाडीबरोबर आत काय आहे याचा कागद नव्हता. आमच्या धंद्यात बिल्टी, म्हणजे गाडीतल्या मालाचा कागद, नसेल तर गाडी दारात घेत नाही, आणि इथं जुन्या कपड्यांच्या गाठोड्याखाली भाकऱ्या, त्याखाली औषधं, वर पाऊस. भाकऱ्यांना बुरशी आली, टाकून द्यायला लागल्या, ज्या बाईनं कुठंतरी रात्रभर बसून थापल्या असतील तिचा विचार करून फार वाईट वाटलं. रस्त्याकडेच्या गावांना तीन तीन वेळा किट मिळालं आणि आतल्या वाड्यावस्त्यांवर कोणी पोचलंच नाही, कारण ड्रायव्हर अनोळखी, त्याला जिथं पहिली गर्दी दिसली तिथं त्यानं गाडी खाली केली.

पाण्याचंच बघा. माणशी दिवसाला १५ लिटर धरतात. २००० वस्तीच्या गावाला ३०,००० लिटर झालं, म्हणजे १० हजारी टँकरच्या तीन खेपा. तेच लिटरच्या बाटल्यांनी द्यायचं तर १२ बाटल्यांचे २५०० बॉक्स, रोज, आणि ते वाहायला गाड्या, उचलायला माणसं, नंतर गावभर प्लास्टिक. पहिले दोन दिवस बाटल्या ठीक आहेत, पुढं टँकर, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आणि विहीर उपसायला पंप लागतो. ते कोणी पाठवत नाही कारण कोणी सांगतच नाही. जनावरांचा चारा, बायकांचे पॅड, गमबूट, फावडी, खराटे, फिनेल यांचंही तेच. घरात गुडघाभर गाळ असलेल्या माणसाला साडी देऊन तो काय करणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की नवीन काही बांधायला नको. पूररेषेच्या बाहेर बाजार समितीची आवारं आहेत, तिथं वजनकाटा आहे, शेड आहे, ट्रक वळवायला जागा आहे आणि मुख्य म्हणजे थप्पी कशी लावायची हे माहीत असलेले हमाल आहेत. बाहेरची प्रत्येक गाडी आधी तिथं यावी, आवक रजिस्टरला नोंद व्हावी, माल वेगळा व्हावा आणि तिथून गावची यादी बघून स्थानिक टेम्पोनं जावा, रस्ते त्यांना पाठ असतात. जाताना चलन, गावात ग्रामसेवक आणि बचत गटाची एक बाई अशा दोन सह्या. गावानं रोज संध्याकाळी फोनवर सांगायचं, उद्या काय पाहिजे आणि काय नको.

तुम्हालाही विनंती, पुराच्या दिवसांत पहिल्या पानावर रोज एक चौकट द्या, आज काय पाठवा आणि काय पाठवू नका. पुण्या-मुंबईचा माणूस ट्रक भरायच्या आधी तेच शोधत असतो.

आयर्विनची इशारा पातळी ४० फूट आहे. पाणी तिथं पोचायच्या आत आवार कुठलं, जबाबदार माणूस कोण आणि त्याचा नंबर काय हे जिल्हा प्रशासनानं जाहीर केलेलं असावं. माल उतरवायला आमच्या गोडाऊनवरचे बारा जण यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.

आपला,
एक वाचक, मिरज