चौथा रकाना

प्रिय काकू,

साष्टांग नमस्कार.

मागच्या महिन्यात माझे डॉक्टर बदलले. एकविसावं लागलं, तेव्हा लहान मुलांच्या डॉक्टरांनी मला मोठ्यांच्या डॉक्टरांकडे सोपवलं. नव्या डॉक्टरांनी जुने रिपोर्ट चाळले आणि विचारलं, "मधली दोन वर्षं शुगर एवढी का बिघडली होती?" आई तोंड उघडायच्या आत मी सांगितलं, की त्या दोन वर्षांत मी वहीत खोटे आकडे लिहीत होते. का लिहीत होते, कधी थांबवलं, तेही सांगितलं. बाहेर आल्यावर आई रिक्षात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काकूंना पत्र लिही."

म्हणून लिहितेय. चारचौघांनी वाचावं असं लिहितेय, कारण अशी मुलं घराघरांत आहेत. नाव घालू नकोस हे तुमचं म्हणणं मात्र पाळलंय.

बाराव्या वर्षी मला टाइप वन डायबिटीस झाला. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाण्याशी त्याचा संबंध नाही. पण आपल्या इंदूरमध्ये, जिथे दिवस पोहे-जलेबीने उजाडतो आणि सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात मावळतो, तिथे हे कोणाला पटवायचं? "लहानपणी फार गोड खाल्लं असेल," असं प्रत्येक नातेवाईक म्हणायचा आणि आई मान खाली घालायची. ते मला अजून सहन होत नाही. दिवसाला चार इंजेक्शनं, पाच-सहा वेळा बोट टोचणं, आणि प्रत्येक आकडा वहीत. २८० आला की घरात शांतता. ११० आला की आई हसायची. मग मी ११० लिहायला लागले.

पण रक्तातलं एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं. ते ११च्या वर आलं आणि खोटं उघडं पडलं. सगळे रागावले, समजावून झालं, आणि मी आणखी सफाईने खोटं लिहायला लागले. त्याच सुमारास आईने मला रामबागेत तुमच्या ओसरीवर आणून सोडलं. रविवार, सकाळचे दहा. माझ्यासारखीच दोन आजारी मुलं आधीच वह्या घेऊन लिहीत बसलेली होती.

तुम्ही माझी वही मागितलीत. मला वाटलं, आता इथेही तेच. तुम्ही आकड्यांकडे पाहिलंही नाही. वेळ, शुगर, इन्सुलिन असे तीन रकाने होते. तुम्ही पट्टीने शेजारी चौथा आखलात. "आकडा नाही लिहिलास तरी चालेल. त्या वेळी काय चाललं होतं, ते इथे एका ओळीत लिही. मी सांगितल्याशिवाय वाचणार नाही."

पहिली ओळ मला अजून पाठ आहे. "रात्री ११. मावसबहिणीच्या साखरपुड्याहून आले. मी बर्फीकडे बघत होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते."

आणि मग अडचण आली. त्या ओळीशेजारी ११५ बसेना. वाक्य खरं आणि आकडा खोटा, दोन्ही एकाच ओळीत वाचवेनात. मी ११५ खोडून ३२४ लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं, काकू. वाक्यानेच करून घेतलं.

तीन महिन्यांनी मी स्वतःच ती वही डॉक्टरांना दाखवली. चौथ्या रकान्यात मंगळवार-शुक्रवारी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट होती: खेळाच्या तासाआधी मी मुद्दाम बिस्किटं खायचे. एकदा शाळेत शुगर एकदम उतरून मी मैदानावर पडले होते आणि एका शिक्षिकेने "नाटक" म्हटलं होतं. तेव्हापासून भीतीने मी शुगर वरच ठेवत होते. आकड्यांवरून हे कोणालाच कळलं नसतं. डॉक्टरांनी त्या दिवसांचा डोस बदलला, ग्लुकोजच्या गोळ्या खिशात ठेवायला दिल्या आणि शाळेला पत्र लिहिलं.

तुम्ही आजारावर लिहा असा आग्रह कधी धरला नाहीत. थॅलेसेमिया असलेला तो मुलगा, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायला जाणारा, वर्षभर फक्त क्रिकेटची कॉमेंट्री लिहीत होता. मग एकदा त्याने रक्ताच्या बाटलीची कॉमेंट्री लिहिली, "भिया, दुसरी बॅग मैदानात उतरली आहे," आणि आम्ही पोट धरून हसलो. झाबुआकडची ती मुलगी, सिकल सेल या रक्ताच्या आजाराची, भिलीत लिहायची. तुम्हाला अर्धं समजायचं नाही, तरी तिला मराठीत लिही म्हणाला नाहीत. थंडीत तिचं दुखणं वाढायचं आणि दवाखान्यात शून्य ते दहामध्ये आकडा सांग म्हणायचे. तिने तुमच्याकडे लिहिलं होतं, हाडात कोणीतरी कुऱ्हाड विसरून गेलंय. ते वाक्य तिच्या मामाने डॉक्टरांना वाचून दाखवलं. आमची मराठीही हिंदीत भिजलेली, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही; चाळीस वर्षं मराठी शिकवलेल्या तुम्ही लाल पेन हातात घेतलं नाहीत. हे तुम्हाला किती जड गेलं असेल, ते मला आता कळतं.

आता मी मानसशास्त्र शिकतेय. १९९९मध्ये अमेरिकेत दमा आणि संधिवाताच्या ११२ रुग्णांवर एक अभ्यास झाला होता. काहींनी सलग तीन दिवस, रोज वीस मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक घटनेवर लिहिलं. बाकीच्यांनी साध्याच विषयांवर. चार महिन्यांनी पहिल्या गटाची तब्येत जास्त सुधारलेली दिसली. वाचताना तुमची ओसरी आठवली. लिहिण्याने इन्सुलिनची इंजेक्शनं सुटत नाहीत, हे तुम्हीच आम्हाला पहिल्या दिवशी बजावलं होतं. माझी इंजेक्शनं आजही तेवढीच आहेत. मी ती चुकवत नाही, एवढाच फरक.

आणखी एक सापडलं. १९२२मध्ये टोरांटोत इन्सुलिन मिळालेल्या पहिल्या काही मुलांत टेडी रायडर नावाचा पाच वर्षांचा मुलगा होता, हाडांचा सापळा झालेला. पुढच्या वर्षी त्याने इन्सुलिन शोधणाऱ्या डॉक्टर बँटिंगना पत्र लिहिलं, की मी आता जाडा झालोय, झाडावर चढता येतं, तुम्ही मला भेटायला या. इन्सुलिनच्या इतिहासातलं माझं सगळ्यात आवडतं पान तेच.

काकू, तुम्हीही या. पुण्याहून इंदूरला रात्रीची बस आहे. अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांना, देखाव्यांच्या मिरवणुकीला या, राजवाड्यापर्यंत मी तुमचा हात धरून नेईन. वह्या नऊ झाल्यात. सगळ्या वाचा, मी सांगितलंय म्हणून.

आजची ओळ इथेच लिहिते. सकाळी ९. शुगर १३८. इन्सुलिन ६ युनिट. पोहे एक वाटी, वर शेव आणि जीरावण मसाला. काकूंना पत्र लिहिलं. पोह्यातली बडीशेप आईला अजून तुमच्यासारखी जमत नाही.

तुमची,
रविवारची मुलगी